गैबीसाबची मंदी

सोलापूरच्या सूतबाजारात एक जुनी रीत आहे. कोणी विचारलं, "काय, धंदा कसा काय?" की समोरच्याने तोंड जरा वाकडं करून सांगायचं, "थंड हाय." धंदा थंड असला तरी थंड आणि जोरात असला तरी थंडच. गोदाम भरलं म्हणून जिन्याखाली सुताच्या गोण्या रचून ठेवलेला माणूससुद्धा थंडच म्हणतो. खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी दलाल भाव चढवतो आणि मेहुणा पोराच्या फीसाठी फोन करतो. त्यामुळे इथे शब्दावर कोणी जात नाही. लोक एकमेकांची गाडी बघतात, चहाचा कप बघतात, हॉटेलात भजी मागवली की नुसतंच पाणी प्यायला ते बघतात आणि त्यावरून काय ते ओळखतात.

या ओळखण्याच्या विद्येत गैबीसाबचा हात धरणारं कोणी नव्हतं. साठीला टेकलेला माणूस. राहायला साखर पेठेत आणि अशोक चौकाच्या पुढे बारा मागांचा टॉवेलचा कारखाना. शितावरून भाताची परीक्षा बाकीचे करत, गैबीसाब चुलीच्या धुरावरूनच करत असे. टेम्पोवाले भर दुपारी टेम्पोखाली झोपलेले दिसले, की माल उचलायला गिऱ्हाईक नाही हे त्याने ओळखावं. न्हाव्याकडे कामगार नुसती दाढी करून उठायला लागले, मालिश करून घेईनात, की पगार कमी पडतोय असं त्याने सांगावं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे मागांचा आवाज. कोणत्या गल्लीत किती माग चालू आहेत हे तो गाडीची काच खाली करून नुसतं ऐकून सांगायचा. मोठमोठ्या बँकांचे साहेब तीन महिन्यांनी आकडे जाहीर करतात, ते मी आजच सांगतो, असं तो म्हणे. एका वर्षी सगळा बाजार सूत भरत होता तेव्हा याने गुपचूप गोदाम रिकामं केलं आणि महिन्याभरात भाव कोसळला. तेव्हापासून त्याचं नाव झालं. त्याची चुकलेली भाकितंही काही थोडी नव्हती, पण ती त्याने कधी सांगितली नाहीत आणि लोकांनीही विचारली नाहीत, कारण चुकलेल्या भाकितावर कोणी कोणाला चहा पाजत नाही.

या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला त्याला तेजीच्या खुणा दिसल्या. टेम्पोवाले जागे होते, न्हावी मालिश करून करून दमला होता. गैबीसाबने घरी येऊन बायकोला, शमशादला, सांगितलं की आता सूत भरायचं. पैसे कुठले, तर वरच्या मजल्याचे. घराच्या छपरावर खांबांच्या सळया वीस वर्षं आभाळाकडे बघत उभ्या होत्या आणि शमशाद त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायची. या उन्हाळ्यात मजला चढवायचा असं ठरलेलं. गैबीसाब म्हणाला, सूत चढलं की एक काय, दोन मजले चढवू. शमशादने पैसे दिले, पण देताना जे काही बोलायचं ते नुसत्या नजरेनं बोलली. सगळीच्या सगळी पुंजी सूत होऊन गोदामात जाऊन बसली.

आणि नेमकं तेव्हाच गैबीसाबला साखरेनं गाठलं.

खरं तर तिने गाठून बरेच महिने झाले होते. त्याला सारखी तहान लागायची, त्याचा दोष तो शेंगाचटणीला देत होता. दम लागायचा, ते वय झालं म्हणून. अंगातली विजार सैल झाली, तेव्हा तर गडी खूश झाला आणि आरशासमोर जरा जास्तच वेळ उभा राहायला लागला. शेवटी पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा तो सात रस्ता चौकाजवळ डॉक्टर रेश्माच्या दवाखान्यात गेला. ही पोरगी मूळची करमाळ्याची, बोलायला फटकळ. तिने रक्त तपासलं आणि सांगितलं, काका, गोळ्या चालू करा, चहातली साखर बंद करा आणि रोज तासभर चाला. वर हेही विचारलं, की इतके महिने अंग ओरडून सांगत होतं, तुम्ही काय करत होता? गैबीसाब बाजाराकडे बघत होता. पण हे काही तिला सांगण्यासारखं नव्हतं.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच त्याने ठरवलं, की ही गोष्ट कोणाला कळू द्यायची नाही. बाजाराला तर नाहीच. दोन वर्षांपूर्वी एका कारखानदाराच्या छातीत दुखलं होतं. तो दवाखान्यात असतानाच गिऱ्हाइकांनी त्याचा माल निम्म्या भावात मागायला सुरुवात केली. आजारी माणूस थांबू शकत नाही, तो विकणारच, हे बाजार बरोबर ओळखतो. गोदाम गळ्यापर्यंत भरलेलं असताना आपल्या साखरेचा वास जर बाजाराला लागला, तर वरचा मजला राहिला बाजूला, खालचा शाबूत राहील की नाही याची खात्री नव्हती. शमशादलाही त्याने सांगितलं नाही, कारण मग घरात डॉक्टर रेश्मा चोवीस तास राहायला आल्यासारखं झालं असतं.

आता चालायचं कसं? बागेत बूट घालून गोल गोल फिरणारी माणसं बघून त्याला आजवर हसू यायचं. त्या गोलात आपण सापडलो तर उद्या सगळी पेठ विचारेल. मग त्याने युक्ती केली. गाडी घरी कापड टाकून झाकून ठेवली आणि घर ते कारखाना पायी जायला सुरुवात केली. कोणी विचारलं तर गाडी दुरुस्तीला टाकली आहे असं सांगायचं. चैत्रातलं सोलापूरचं ऊन, सकाळी नऊलाच घामाच्या धारा, म्हणून पुसायला आपल्याच कारखान्याचा एक गुलाबी टॉवेल खांद्यावर. नमुन्याचा टॉवेल होता तो, त्याचं लेबलही काढायचं राहून गेलेलं. असा हा माणूस गल्लीबोळांतून लगालगा चालायला लागला आणि आपण चांगलं झाकलं म्हणून मनात खूश झाला.

चौथ्या दिवशी सूतबाजारात बातमी अशी होती, की गैबीसाबने गाडी विकली आणि आता तो टॉवेल खांद्यावर टाकून दारोदार विकतोय.

बातमीचं मुख्य ठाणं सिद्धनाथचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकं आणि एक शेगडी, पण बाजारातला निम्मा व्यवहार याच बाकांवर होतो. सिद्धनाथच्या चहात चमचा उभा राहील इतकी साखर असते आणि गैबीसाब त्यातही वरून एक चमचा टाकून घ्यायचा. त्याने जेव्हा हळूच बिनसाखरेचा सांगितला, तेव्हा सिद्धनाथच्या हातातलं गाळणं थांबलं. मनाने मोठा हळवा माणूस. त्याने काही विचारलं नाही, पण पैसे देताना गैबीसाबचा हात धरून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेठ, नंतर द्या." हे चारही बाकांनी पाहिलं. गैबीसाब चहासुद्धा उधारीवर प्यायला लागला, ही बातमी त्याच्याआधी कारखान्यावर पोचली.

मग काय, एकदा लोक बघायला लागले की दिसायला वेळ लागत नाही. बोट बारीक झालं म्हणून अंगठी सरकायची, ती त्याने कपाटात ठेवली. लोक म्हणाले, अंगठी गेली. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं, तेही लोकांनी मोजलं. वळसंगच्या एका लग्नात त्याने जिलेबीचं ताट परत केलं, तर म्हणे आहेर द्यायचा नव्हता म्हणून जेवलाच नाही. अभिमन्यू नावाचा एक तरुण सुताचा दलाल होता. कॉमर्स शिकलेला, मोबाइलवर शेअरबाजाराच्या लाल-हिरव्या रेघा सारखा बघत बसणारा. त्याने बाकावर बसून निकाल दिला, की चाचांचा सपोर्ट तुटलाय, आता बाजार कुठे जाऊन थांबेल सांगता येत नाही. सपोर्ट म्हणजे काय ते निम्म्या लोकांना कळलं नाही, पण तुटलाय एवढं कळलं, आणि तेवढं पुरे होतं.

यात तर्क असा होता: गैबीसाबसारखा माणूस बुडतोय, म्हणजे त्याला आपल्या आधी काहीतरी कळलंय. ज्याने सूत घ्यायचं ठरवलं होतं त्याने हात आखडला. उद्या आणखी उतरणार असेल तर आज कशाला घ्या? सगळेच थांबले, त्यामुळे भाव खरोखरच उतरला. भाव उतरला म्हणून ज्यांनी आधी घेतलं होतं ते घाबरले आणि विकायला लागले. कारखान्यांनी रात्रपाळी बंद केली. टेम्पोवाले टेम्पोखाली जाऊन झोपले.

आणि हे सगळं गैबीसाब बघत होता. गाडीतून जाताना ज्या खुणा निसटायच्या, त्या आता पायी चालताना एकेक करून दिसत होत्या. टेम्पोवाले भर दुपारी झोपलेले दिसले. न्हावी स्वतःचीच दाढी करत बसलेला दिसला. अभिमन्यू पूर्वी रोज सूत विकता का म्हणून मागे लागायचा, तो आता नुसता हळहळल्यासारखा बघून पुढे जायचा. गैबीसाबने सगळ्याचा अर्थ लावला. मंदी येतेय आणि ती आपल्याला सगळ्यांच्या आधी दिसतेय, याचा त्याला त्या काळजीतही थोडा अभिमान वाटला. हॉटेलात कोणीतरी विचारलं, चाचा, तुमाला काय वाटतंय? गैबीसाबने बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला, आणि तोंड कडू झालेलंच होतं, म्हणाला, "जपून ऱ्हावा." त्या दिवशी भाव आणखी उतरला. लोक म्हणाले, आता तर त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. गैबीसाब म्हणाला, बघा, मी सांगितलं तसंच झालं.

तरीही त्याने गोदामाला हात लावला नव्हता. एक खूण अजून त्याच्या बाजूने होती आणि ती खूण म्हणजे येडू.

येडू त्याचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. तेलुगू घर, चार माग, आणि चारही तो एकटा चालवायचा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला. तेजी असो मंदी असो, येडूचे माग नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो त्या दिवशी बंद राहणार, बाकी वर्षभर खटकखटक चालूच. तो आवाज गैबीसाबच्या वाटेवरच होता. येडूचे माग चालू आहेत तोवर बाजार मेलेला नाही, असं त्याचं स्वतःपुरतं गणित होतं. अलीकडे येडूचं लक्षणही त्याला ठीक दिसत नव्हतं. हॉटेलात आला की पाण्याचा अख्खा जग रिकामा करायचा, पण उन्हाळ्यात पाणी कोण पीत नाही? सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. बोलता बोलता डुलकी घ्यायचा. गैबीसाबने मनात नोंद केली, की येडूही काळजीने खंगत चालला, म्हणजे न खपलेला माल पडून असणार. मग एक दिवस चारातले दोन माग बंद झाले. आणि एका मंगळवारी तो येडूच्या गल्लीत वळला तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. तो दारासमोर थांबला. आत दिवा होता, पंखा फिरत होता, माग गप्प होते. गैबीसाब दोन मिनिटं तिथे उभा राहिला आणि तसाच पुढे अभिमन्यूच्या दुकानात गेला.

सगळं सूत काढायचं आहे, उद्या दुपारपर्यंत गिऱ्हाईक बघ, मिळेल त्या भावात दे, असं त्याने सांगितलं. अभिमन्यूने मोबाइलवरून नजर वर केली. त्या भावात विकलं तर पुंजीतलं निम्मं हाती आलं असतं. वरच्या मजल्याच्या सळया आणखी वीस वर्षं तशाच राहिल्या असत्या, आणि वीस वर्षं काही आता गैबीसाबपाशी नक्की होतीच असं नाही. अभिमन्यू बरं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शमशादने त्याच्यासमोर चहा आणि कडक भाकरी ठेवली आणि स्वतः समोर बसली. ती अशी समोर बसली की गैबीसाबला आपोआप काहीतरी कबूल करावंसं वाटायचं. त्याने हळूच सांगितलं, की आज सूत काढतोय, बाजारात मोठी मंदी आहे, पैसे निम्मेच येतील. शमशादने विचारलं, मंदी आहे हे कशावरून? गैबीसाबने तिला टेम्पोवाल्यांपासून येडूच्या मागांपर्यंत सगळं ऐकवलं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग तिच्याकडचं सांगायला सुरुवात केली. शेजारची शांतम्मा विड्या वळता वळता काल तिला विचारत होती, की गाडी विकली म्हणतात ते खरं का, आणि भाईंकडचे टॉवेल निम्म्या किमतीत मिळतात का. कारखान्यातल्या बाया म्हणत होत्या, शेठने अंगठी गहाण टाकली. सगळ्या बाजाराला वाटतंय, की तुम्ही बुडालात, आणि म्हणून बाजार बुडतोय. हे सांगून झाल्यावर तिने आणखी एक गोष्ट सांगितली. साखरेचं तिला दिवाळीपासून ठाऊक होतं. न्हाणीघरात मुंग्यांची रांग लागली तेव्हाच तिने ओळखलं होतं. गोळ्या कुठे लपवल्यात तेही माहीत होतं. आणि घरचा चहा ती महिनाभर बिनसाखरेचा देत होती, तो गैबीसाबने रोज मिटक्या मारत प्यायला होता.

गैबीसाबने हातातल्या कपातला एक घोट घेतला. तो खरंच कडू होता.

"मंदी बाजार में आयी नै थी जी," शमशाद म्हणाली. "तुम पैदल चल के बाजार में ले के गये."

गैबीसाबला हे कळायला काही वेळ लागला, पण कळलं तेव्हा सगळं एकदम कळलं. बाजार त्याच्याकडे बघत होता आणि तो बाजाराकडे. त्याने पाहिलेली प्रत्येक खूण त्याचीच होती. त्याला हसावं की रडावं कळेना, आणि शमशाद मात्र तोंडाला पदर लावून हसत होती. तिने त्याला पिशवी भरून दिली. त्यात डबा होता, पाणी होतं आणि साखर तपासायचं नवंकोरं यंत्र होतं, सुयांच्या अख्ख्या पाकिटासकट.

तो थेट सिद्धनाथच्या हॉटेलात गेला. चारही बाकं भरलेली होती, अभिमन्यू होता, कोपऱ्यात येडू पाण्याचा जग पुढ्यात घेऊन बसला होता. गैबीसाबने आधी अभिमन्यूला सांगितलं, की एक गोणीही विकायची नाही. मग उभ्यानेच सगळ्यांना सांगून टाकलं, की गाडी घरी आहे, अंगठी कपाटात आहे, मला नुसता मधुमेह झालाय आणि डॉक्टरनं चालायला सांगितलंय.

कोणाचाही विश्वास बसला नाही. ज्या बाजारात धंद्याबद्दल खरं बोलायची चालच नाही, तिथे माणूस उठून आपणहून खुलासा करतोय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बडा घर पोकळ वासा, असं कोणीतरी मागे पुटपुटलं. सिद्धनाथच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. अभिमन्यूने मग हिशेबी डोक्याने तोडगा काढला. चाचांची परिस्थिती चांगली आहे ना, मग नेहमीसारखा वर चमचा टाकून चहा घ्यावा, दोन जिलेब्या खाव्यात, पैसे रोख द्यावेत. बाजार संध्याकाळपर्यंत जागेवर येईल.

सिद्धनाथने लगेच कप आणून ठेवला. जिलेब्या शेजारच्या गाड्यावरून आल्या, गरम, पाक गळणाऱ्या. सगळं हॉटेल बघायला लागलं. गैबीसाब बाकावर बसला आणि त्याने जिलेबीकडे पाहिलं. दोन जिलेब्यांत गोदाम वाचत होतं, वरचा मजला उभा राहत होता. साखर काय, उद्यापासून पुन्हा बंद करता येईल. खरं सांगायचं तर मजल्यापेक्षाही आधी त्याला त्या पाकाचाच मोह झाला, महिनाभराचा उपाशी माणूस तो. हात पुढे गेलासुद्धा. मग त्याला न्हाणीघरातल्या मुंग्या आठवल्या, आणि दिवाळीपासून काही न बोलता बघत बसलेली शमशाद आठवली. त्याने ताट बाजूला सरकवलं आणि पिशवीतून यंत्र काढलं.

कसं वापरायचं ते त्याला नीट माहीत नव्हतं. अभिमन्यूने खोक्यावरचं वाचून सांगितलं. बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीला लावला, आणि पंधरा-वीस डोकी त्या एवढ्याशा काचेवर वाकली. दोनशे शहाऐंशी.

"आर्र," सिद्धनाथ म्हणाला, "खरंच की."

मग जो गलका झाला तो विचारू नका. लोक गैबीसाबची पाठ थोपटायला लागले, जणू मुलगाच झाला होता त्याला. अभिमन्यू दोन फोन एकदम कानाला लावून बाहेर पळाला आणि ज्यांना विका म्हणून सांगितलं होतं त्यांना थांबा म्हणून सांगायला लागला. बोटावरचं रक्त वाळायच्या आत सूत दोन रुपये चढलं. आजवर कोणाची साखर वाढली म्हणून एवढा आनंद झालेला कोणी पाहिला नसेल. पेढे मागवावेत असंही कोणी म्हणालं, पण मग खाणार कोण यावरून गाडी अडली. तेवढ्यात सगळ्यांनाच आपापलं बोट टोचून घ्यायची हौस आली. दर माणसाला नवीन सुई, आणि आकडा आला की बाक ओरडून सांगायचं, अगदी भाव पुकारल्यासारखं. सिद्धनाथची साखर अगदी बेताची निघाली तेव्हा तो जरा हिरमुसलाच.

येडू तेवढा कोपऱ्यात बसून होता. नको नको म्हणत होता. गैबीसाब मजेत आला होता. त्याने जाऊन येडूचा हात धरला आणि म्हणाला, की माझ्या पायी चालण्याला भिऊन तूही माग बंद केलेस, आता चालू कर, आणि त्याआधी बोट दे. येडूने शेवटी बोट दिलं.

यंत्राने आकडाच दाखवला नाही. इंग्रजीतली दोन अक्षरं तेवढी आली. पट्टी खराब असेल म्हणून दुसरी लावली, तरी तेच. लोक हसले, अण्णा, मशिनचा भाव बंद पडला म्हणाले. गैबीसाबने डॉक्टर रेश्माला फोन लावून विचारलं. ती पलीकडून एवढंच म्हणाली, की आकडा यंत्राच्या बाहेर गेलाय, माणसाला आत्ताच्या आत्ता घेऊन या.

गैबीसाबने फोन खाली ठेवला. येडू त्याच्याकडे बघत होता, पण नजर जरा बाजूला पडत होती.

"तुला भिऊन न्हाई बंद केले माग," येडू हळूच म्हणाला. "दिसंनाच झालंय मला. धागा तुटला तर सापडत न्हाई. कुणाला सांगू? पोराला कळलं तर माग इकायला लावंल." मग तो थोडा हसला. "तू चालत याया लागलास, समदे मंदी मंदी म्हणाया लागले. मला बरंच झालं की. माग का बंद, कुणी इचारलंच न्हाई."

हसणाऱ्यांनी बाकं सरकवून वाट करून दिली. सिद्धनाथ रिक्षा बोलवायला धावला. गैबीसाबने येडूला काखेत हात घालून उठवलं तेव्हा त्याचं वजन हाताला लागेच ना. रिक्षात बसल्यावर येडूने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि डोळे मिटले. खिशातला फोन सारखा वाजत होता. अभिमन्यूच असणार, भाव सांगायला. गैबीसाबने तो बंद केला आणि रिक्षावाल्याला जरा जोरात घ्यायला सांगितलं.

दवाखान्यात येडूला लगेच आत घेतलं, सलाइन लावली, पुढे मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं. डॉक्टर रेश्मा बाहेर आली तेव्हा चांगलीच तापलेली होती. वेळेत आलाय, वाचेल, पण डोळ्यांचं आत्ता सांगता येत नाही म्हणाली. असं दोन दिवसांत होत नाही, महिने लागतात.

"काका, तुम्ही दोघं रोज एका हॉटेलात बसता ना?" तिने विचारलं. "माणूस जगच्या जग पाणी पितोय, अंगावर कपडा राहत नाही, बसल्या जागी झोपतोय, हातातलं काम बंद पडलंय. आणि स्वतः तुम्हाला हेच झालेलं. यातलं काहीच दिसलं नाही तुम्हाला?"

गैबीसाबने खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं.

"दिसलं की," तो म्हणाला. "समदं दिसलं. मी म्हणलो, मंदी आली."